मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर तेच, तास वेगळे

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. तो पश्चिमेला अरबस्तानाकडे जाणार असं वाटतं, पण सरकतो उत्तरेकडे. अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकालगत आणि मग खाली न्यूयॉर्क. हीच सर्वात जवळची वाट, सुमारे 12,530 किलोमीटरची. शाळेतल्या भिंतीवरच्या सपाट, चौकोनी नकाशावर (याला मर्केटर नकाशा म्हणतात) पट्टी ठेवून रेघ मारा. ती सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते, दिसते अगदी सरळ, पण भरते जवळजवळ 14,200 किलोमीटर. गोल पृथ्वी सपाट कागदावर बसवताना ध्रुवांकडचा भाग ताणावा लागतो, म्हणून डोळा फसतो.

आता वेळ. विमान ताशी 900 किलोमीटरने उडतं असं धरलं तर चौदा तास. पण न्यू जर्सीत लेकीकडे जाऊन आलेल्या कोणालाही विचारा: जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान हवेत असताना अमेरिकाच आपल्याकडे येत नाही का? मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो विचारणारा खरोखर विचार करत असतो. धावत्या गाडीच्या डब्यात उडी मारा, तुम्ही जागच्या जागीच पडता. तसंच हवाही पृथ्वीबरोबर फिरते, आणि विमान हवेतच असतं.

फरक पाडतो तो वारा. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांतला फरक आणि पृथ्वीचं फिरणं यांमुळे साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. हीच जेट स्ट्रीम. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि अहवाल एस्परांतो या मुद्दाम तयार केलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत छापला. जगाचं लक्षच गेलं नाही. अमेरिकेला जाताना संपूर्ण वाटेवर सरासरी ताशी 60 किलोमीटरचा वारा समोरून आला तर चौदाचे पंधरा तास होतात, येताना तोच पाठीमागून आला तर तेरा. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलं होतं.

वाऱ्याशिवाय आणखी एक अडथळा असतो, सरहद्दीचा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला, आणि अमेरिकेच्या काही फेऱ्यांना इंधनासाठी व्हिएन्नाला उतरावं लागलं.