स्प्रिंग गेमची गर्दी: आकडा नेमका कोणासाठी?

२०२५ च्या वसंतात अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या अनेक मोठ्या संघांनी स्प्रिंग गेम, म्हणजे वसंतातल्या सरावाच्या शेवटी संघ आपसातच खेळतो तो सामना, रद्द केला किंवा त्याचं रूप ओळखू येणार नाही इतकं बदललं. लिंकन (नेब्रास्का), ऑस्टिन (टेक्सास), नॉर्मन (ओक्लाहोमा) ही त्यातल्या ठळक संघांची गावं. त्यावर ‘जुनी परंपरा मोडली’ अशी ओरड झाली. सामना जुना आहे, हे खरं. पण एप्रिलमधल्या सरावाला स्टेडियम काठोकाठ भरण्याची प्रथा जेमतेम वीस वर्षांची आहे, आणि वाद मुळात त्या गर्दीबद्दल आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात उरकता येतो. वसंत ऋतूतल्या सरावाचा शेवट एका सामन्याने करायचा, ही रीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. काही ठिकाणी चालू संघाविरुद्ध माजी खेळाडू उतरत. नोत्र दाम विद्यापीठात हा प्रकार १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकला. पुढे तिशी-पस्तिशीतल्या माजी खेळाडूंची हाडं वाचवण्यासाठी म्हणा किंवा सरावाचे दिवस मोजके म्हणून म्हणा, संघाचे स्वतःचेच दोन भाग पाडणं रूढ झालं. गर्दी बहुतेक ठिकाणी काही हजारांची असे. अपवाद होते: १९८६ मध्ये नॉक्सव्हिलला (टेनेसी) ७३,८०१ लोक आल्याची नोंद आहे. तो आकडा दोन दशकं कोणाला गाठता आला नाही, कारण गाठण्याची कोणाला निकडही नव्हती.

निकड आली ती टस्कलूसामध्ये, एप्रिल २००७ मध्ये. अलाबामाने नवा प्रशिक्षक आणला होता, त्याच्या पगाराची देशभर चर्चा होती आणि त्याचा पहिला स्प्रिंग गेम विनाशुल्क होता. जाहीर आकडा ९२,१३८. स्टेडियमची क्षमताही तंतोतंत ९२,१३८. दारं बंद करावी लागली आणि लोक बाहेर राहिले, त्यामुळे स्टेडियम भरलं होतं याबद्दल शंका नाही. पण आकडा माणसं मोजून आलेला नव्हता. तो खुर्च्यांचा होता. त्यानंतरची शर्यत या आकड्याभोवती फिरली: पुढच्याच वर्षी लिंकनमध्ये ८०,१४९, २००९ मध्ये कोलंबसला (ओहायो स्टेट) ९५,७२२, २०१५ मध्ये तिथेच ९९,३९१ आणि २०१६ मध्ये १,००,१८९.

‘उपस्थिती’ हा एकच शब्द इथे तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. एक, विकलेली किंवा वाटलेली तिकिटं. दोन, गेटवर स्कॅन झालेली तिकिटं. तीन, प्रेस बॉक्समधून नजरेने बांधलेला अंदाज. नियमित हंगामातही या तिघांत अंतर असतं. २०१७ च्या हंगामाच्या नोंदी मागवून एका वर्तमानपत्राने तुलना केली, तेव्हा स्कॅन झालेली तिकिटं जाहीर उपस्थितीच्या सरासरी ७१ टक्क्यांच्या आसपास निघाली. तिथे निदान तिकीट असतं. स्प्रिंग गेमचा आकडा हंगामाच्या अधिकृत सरासरीत धरतच नाहीत, त्यामुळे तो तपासण्याचं बंधन कोणावर नाही.

प्रवेश विनाशुल्क असेल तर गेटवरचा माणूस हातातला काउंटर दाबत राहतो. गाडीपाशी जेवायला बाहेर जाऊन परत आलेला माणूस दोनदा मोजला जातो. एकदम लोंढा आला की बोटं मागे पडतात आणि नंतर आकडा ‘भरून’ काढला जातो. नजरेचा अंदाज काढताना स्टँडच्या एकेका भागातल्या खुर्च्या ठाऊक असतात. तो भाग किती भरलाय ते पाहायचं आणि गुणाकार करायचा. चूक होते ती बसण्याच्या पद्धतीमुळे. जागा राखीव नसल्या की कुटुंबं ऐसपैस बसतात, शेजारच्या खुर्चीवर पिशव्या ठेवतात. एप्रिलमध्ये गारठा असेल तर उन्हाची बाजू गच्च आणि सावलीची विरळ, आणि कॅमेरा नेमका गच्च बाजूकडे रोखलेला. शिवाय वरचे मजले बंद ठेवले की खालचे आपोआप भरलेले दिसतात. मोजायचं कधी, हाही प्रश्नच. गर्दीचा भर चारपैकी दुसऱ्या क्वार्टरमध्ये असतो. तिसरा सुरू झाला की लोक उठू लागतात.

पाच-दहा डॉलरचं तिकीट लावलं की हिशेब सुधारतो, पण पूर्ण नाही. इतकं स्वस्त तिकीट लोक ‘बघू, जमलं तर जाऊ’ म्हणून घेऊन ठेवतात. सकाळी पाऊस लागला तर बुडतात ते पाच डॉलर. म्हणजे विकलेलं आणि स्कॅन झालेलं यातलं अंतर वाढण्याची सगळी कारणं वसंतातच हजर असतात. आकडा विकलेल्या तिकिटांचा आहे की आत आलेल्या माणसांचा, हे बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं. त्यामुळे या विक्रमांची एकाखाली एक उतरंड लावणं मुळातच चुकीचं आहे, तरी दर एप्रिलला ती लावली जाते.

याचं नमुनेदार उदाहरण २०१६ चं अथेन्स, जॉर्जिया. नव्या प्रशिक्षकाने स्टेडियम भरण्याचं आवाहन केलं, मोहिमेलाच ‘९३ हजार’ असं नाव दिलं गेलं, आणि सामन्याआधी काही मिनिटं गाण्यासाठी एका रॅपरला ६५ हजार डॉलर मोजले गेले. स्टेडियमची क्षमता तेव्हा ९२,७४६. जाहीर उपस्थिती: ९३,०००. घोषवाक्य आणि मोजणी इतकी जुळली की मोजणी करायची गरजच काय होती, असा प्रश्न पडावा. २०१३ चं ऑबर्न वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावं. ८३,४०१ लोक आले, पण ओढ होती ती गावातल्या ओक झाडांवर शेवटचं टॉयलेट पेपर उधळण्याची. विजय साजरा करायची ही तिथली रीत, आणि त्या झाडांना कोणी तरी विष घातलं होतं. काही दिवसांत ती झाडं पाडली गेली. फुटबॉलबद्दलची आस्था त्या आकड्यातून वेगळी काढता येत नाही.

मग एवढा अट्टहास कोणासाठी? साइडलाइनवर उभ्या असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी. ज्या शाळकरी खेळाडूला संघात ओढायचं आहे, त्याला सरावालाही भरलेलं स्टेडियम दाखवणं ही सगळ्यांत स्वस्त जाहिरात. नवा प्रशिक्षक आला की आकडा उसळतो तो म्हणूनच: टस्कलूसा, लिंकन, ऑबर्न, अथेन्स, सगळीकडे पहिलंच वर्ष. बोल्डरमध्ये (कोलोराडो) तर २०२२ ला १,९५० लोक होते आणि २०२३ ला, नवा प्रशिक्षक आल्यावर, बर्फ पडत असताना ४७,२७७, दहा डॉलरचं तिकीट काढून.

त्याच बोल्डरमध्ये दुसरी बाजूही दिसली. सामना संपल्यानंतरच्या काही दिवसांत खेळाडूंनी घाऊक संख्येने ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नावं टाकली. पोर्टल २०१८ पासून आहे. २०२१ मध्ये पहिल्या बदलीला वर्षभर बसून राहण्याची अट गेली, त्याच उन्हाळ्यात खेळाडूंना आपलं नाव आणि छबी जाहिरातींना वापरू देण्याचे पैसे मिळू लागले, आणि पुढे बदलीची एक खिडकी नेमकी एप्रिलच्या उत्तरार्धात आली. म्हणजे स्प्रिंग गेम संपतो तेव्हा दुकान उघडं. जाहिरात तीच, फक्त ती वाचणारा आता प्रतिस्पर्धी संघ. लिंकनच्या प्रशिक्षकाने फेब्रुवारी २०२५ मध्ये हेच कारण दिलं: आदल्या वर्षीचा सामना थेट प्रक्षेपित झाला आणि मग आपल्या खेळाडूंना बाहेरून विचारणा होऊ लागल्या.

हे कारण अर्धंच पटतं. फूस लावणारे मध्यस्थांमार्फत लावतात, त्यासाठी स्प्रिंग गेमची फीत पाहावी लागत नाही. त्यातून या सामन्यात दिसतं तरी काय? चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी, त्याला नुसता हात लागला की शिट्टी. किकवर धावून जायचं नाही, घड्याळ न थांबता पळतं, डावपेच मुद्दाम प्राथमिक. तिसऱ्या फळीतला, पास झेलणारा एखादा रिसीव्हर मात्र यात चमकून जातो, आणि गमावण्याची भीती असते ती अशाच खेळाडूची.

ऑस्टिनचं कारण जास्त ठोस होतं. हंगामाअखेरची बाद फेरी (प्लेऑफ) बारा संघांची झाल्यावर हंगाम जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत लांबला, काही संघ सोळा सामने खेळले. वसंतात ३४ दिवसांत १५ सराव मिळतात आणि स्प्रिंग गेम त्यातलाच एक खातो. दोन संघ पाडायचे तर ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत धरणारे, किमान दहा धडधाकट खेळाडू लागतात, वर एक-दोन राखीव. समजा पंधरा आहेत, तिघांच्या खांद्याची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय आणि तिघे शाळा संपवून जूनमध्ये येणार आहेत. उरले नऊ. म्हणजे कोणाला तरी दोन्ही बाजूंनी खेळवायचं, आणि दमलेला लाइनमन मागे पडला की कोणाच्या तरी पायावर पडतो. म्हणून कित्येक ठिकाणी संघ न पाडता आक्रमण विरुद्ध बचाव असा खेळ ठेवतात आणि सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं), पास अडवणं यांना बचावाचे गुण देतात. घरी बसलेल्याला धावफलक कळत नाही, पण दुखापती कमी होतात.

सिराक्यूस आणि बोल्डरच्या संघांनी २०२५ मध्ये आपापसात खेळू देण्याची परवानगी मागितली होती. ती नाकारली गेली. इतर अनेकांचा वसंतातला सराव तोवर उरकला होता, हे त्यातलं एक कारण. ऑक्सफर्ड, मिसिसिपीमध्ये सामन्याऐवजी हॉट डॉग खाण्याची स्पर्धा ठेवली गेली.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत एप्रिलची खिडकी रद्द झाली. २०२६ पासून बदलीची सर्वसाधारण खिडकी एकच, २ ते १६ जानेवारी. लिंकनने दिलेलं कारण त्यामुळे निकालात निघालं. पण जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीने संघाची मर्यादा १०५ खेळाडूंवर आणली. शिष्यवृत्तीशिवाय खेळणारी जी जास्तीची मुलं वसंतात दुसरी लाइन उभी करायची, तीच आधी कमी झाली.