स्टॉन्टनची चीन प्रवासाची रोजनिशी

चीनला पोहोचलेल्या ब्रिटनच्या पहिल्या राजदूत मंडळासोबत (१७९२–९४) गेलेल्या जॉर्ज थॉमस स्टॉन्टन (१७८१–१८५९) या मुलाने लिहिलेली दैनंदिनी. सप्टेंबर १७९२ मध्ये ‘लायन’ ही युद्धनौका इंग्लंडहून निघाली तेव्हा तो ११ वर्षांचा होता. वडील, सर जॉर्ज लेनर्ड स्टॉन्टन, मंडळाचे सचिव. पोराची नेमणूक मुख्य राजदूत लॉर्ड मकार्टनी यांचा बालसेवक म्हणून. हे दोघे वडीलधारे मद्रासमधले जुने सहकारी. टिपू सुलतानाशी झालेल्या १७८४ च्या मंगळूर तहाच्या वाटाघाटींत थोरले स्टॉन्टन होतेच.

दुभाषे म्हणून नेपल्सच्या धर्मविद्यालयातून दोन चिनी पाद्री आणले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, लॅटिन येत होती. त्यामुळे मुलगा लॅटिनच्या आधाराने त्यांच्याकडून बोटीवरच चिनी शिकला. माडेरा, रिओ, बटाव्हिया (आजचे जाकार्ता) अशी मजल मारीत चीन गाठेपर्यंत तो ती बोलू आणि गिरवू लागला होता; पुढे मंडळाच्या चिनी कागदांच्या नकला करण्याचे काम त्याच्याकडे आले.

१४ सप्टेंबर १७९३ रोजी जेहोल या सम्राटाच्या उन्हाळी मुक्कामी सम्राट च्येनलुंगची भेट झाली. मुलगा चिनी बोलतो हे कळताच वृद्ध सम्राटाने त्याला जवळ बोलावले आणि कमरेची पिवळी थैली काढून दिली. पण अभ्यासकांचा डोळा रोजनिशीतल्या दुसऱ्याच ओळीवर असतो. दरबारी रिवाज तीनदा गुडघे टेकून नऊदा कपाळ जमिनीला लावण्याचा. मकार्टनींनी तो पाळला नाही, एकच गुडघा टेकला, असे ब्रिटिशांचे म्हणणे. सम्राटाची स्वारी समोरून गेली तेव्हा आपण एक गुडघा टेकून मस्तक जमिनीपर्यंत लववले, असे मुलाने लिहिले. त्यातले ‘जमिनीपर्यंत’ एवढेच हस्तलिखितात खोडलेले आहे. मोठ्यांच्या सावध अहवालांपेक्षा ही खोडाखोडच अधिक बोलकी वाटते. हस्तलिखित अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात आहे.

हा मुलगा पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कँटन वखारीत लागला. चीनवर राज्य करणाऱ्या चिंग घराण्याच्या दंडसंहितेचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर १८१० मध्ये छापले गेले. १८१६ मध्ये लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या मंडळात तो पुन्हा पेकिंगकडे (आजचे बीजिंग) गेला. तोवर गादीवर आलेल्या च्याछिंग सम्राटाचा दावा होता की मकार्टनींनी पूर्ण दंडवत घातला होता आणि तो आपण स्वतः पाहिला. दंडवत घालू नये, असा सल्ला स्टॉन्टनने अ‍ॅमहर्स्टना दिला. सम्राटाची भेट न होताच मंडळाला परत पाठवण्यात आले.