टोकियो आणि आसपासच्या जपानी बागांची भटकंती

टोकियोत जपानी बागा बघायला जायचं म्हणजे बहुतेक वेळा जुन्या सरदारांच्या वाड्याच्या आवारात शिरायचं. एदो काळात (१६०३ ते १८६८) दाइम्योंना, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांना, आलटून पालटून शोगुनच्या, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाच्या, राजधानीत (तेव्हाचं एदो, आजचं टोकियो) येऊन राहावंच लागायचं, बायकामुलं तर कायमची तिथेच, ओलीसच म्हणा ना, मग वाडे आले, पाहुण्यांची सरबराई आली आणि त्यासाठी बागाही आल्या. पुढे वाडे आगीत, भूकंपात, युद्धात गेले, बऱ्याच बागाही गेल्या. उरलेल्यांपैकी काही आता टोकियोचं महानगर सरकार सांभाळतं आणि तिकीट १५० किंवा ३०० येन, त्या शहराच्या मानाने जवळपास फुकटच.

या बागा एका जागी बसून बघायच्या नाहीतच. मधे तळं, भोवती वळणं घेत जाणारी वाट, टेकडी आड येते, ती ओलांडली की एकदम पूल दिसतो आणि दहा पावलांवर परत झाडांमागे जातो, हे सगळं मुद्दाम केलेलं असतं, त्यामुळे एका दिवसात चार बागा उरकायचा प्लॅन करू नये, दोन खूप झाल्या.

कोइशिकावा कोराकुएन १६२९ मध्ये शोगुनच्या घराण्यातल्या तोकुगावा योरिफुसा या दाइम्योने सुरू केली, मुलगा मित्सुकुनीने पूर्ण केली. मित्सुकुनीने चीनहून आलेल्या झू शुनशुई या पंडिताचा सल्ला घेतला होता, म्हणून तिथला कमानीचा दगडी पूल चिनी धाटणीचा आहे, पाणी स्थिर असेल तर कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून पूर्ण गोल दिसतो. भिंतीपलीकडे टोकियो डोम हे स्टेडियम आणि रोलरकोस्टर, त्यामुळे अधूनमधून किंकाळ्या ऐकू येतात, त्याला इलाज नाही. (पुण्याचं सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवर बेतलंय ती ओकायामाची, ही नव्हे. बऱ्याच जणांची यात गल्लत होते.)

रिकुगिएन १७०२ ची, यानागिसावा योशियासु या दाइम्योने बांधलेली, वाका या जुन्या जपानी कवितांवरून घेतलेली ८८ स्थळं त्यात रचली होती. मार्चअखेरीस तिथल्या झुकत्या फांद्यांच्या साकुरासाठी (चेरीच्या बहरासाठी) एवढी गर्दी लोटते की शांतता वगैरे विसरा, त्यापेक्षा जूनमधल्या पावसात गेलेलं परवडलं.

हामारिक्यूची गंमत वेगळी, तिथल्या तळ्यात चक्क टोकियोच्या खाडीचं पाणी येतं, भरती-ओहोटीप्रमाणे पाण्याच्या दाराने पातळी कमीजास्त करतात, तळ्याच्या मधे चहाघर आहे, तिथे माचा (हिरव्या चहाच्या पुडीचा चहा) आणि सोबत गोड पदार्थ मिळतो, आणि मागे शिओदोमे या भागातले उंच टॉवर. हे टॉवर काहींना खटकतात, मला तर त्यांच्यामुळेच ती बाग जास्त आवडते. असाकुसाहून वॉटर बसने थेट आत उतरता येतं.

कियोसुमी मात्र दगडांची बाग. मित्सुबिशीवाल्या इवासाकी घराण्याने कंपनीच्या जहाजांतून जपानभरचे नामी दगड आणून इथे मांडले. काठाने पाण्यातच मोठमोठे दगड टाकलेत, त्यावरून पाय जपून टाकत जायचं, खाली मासे आणि कासवं, आणि मान वर करून बघायची सोयच नाही! १९२३ च्या भूकंपात असंख्य लोकांनी इथे आसरा घेऊन जीव वाचवला.

शहराबाहेर योकोहामाचं सांकेइएन, रेशमाचा व्यापारी हारा सांकेइने १९०६ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं. क्योतोकडचा जुना तीन मजली पॅगोडा त्याने इथे हलवला. अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जावं.

वाटेत मधोमध काळ्या दोरीने बांधलेला छोटा गोटा दिसला तर तो शोभेचा नाही, पुढे जाऊ नका असा त्याचा अर्थ. हिवाळ्यात पाइनच्या फांद्यांना बर्फाने मोडू नयेत म्हणून वरून छत्रीसारख्या दोऱ्या बांधतात, टोकियोत बर्फ फारसा पडत नाही तरी बांधतातच, कारण ते दिसतं छान. सरकारी बागा साधारण ९ ते ५ उघड्या, शेवटचा प्रवेश साडेचारला, आणि २९ डिसेंबर ते १ जानेवारी बंद.