किक मारण्याआधी हे वाचा: बरीच वर्षं उभी असलेली मोटरसायकल पुन्हा चालू करायची असेल तर

घरात जुनी बुलेट, जावा, येझदी, राजदूत नाहीतर आरएक्स हंड्रेड उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे, अशा आमच्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. फोनवर येणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. गाडी आमच्या दारात येईपर्यंत झालेलं नुकसानही बहुतेक तेच असतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवलं आहे.

मुख्य विनंती आधीच करतो. गाडी दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त उभी असेल, तर आमच्याकडे आणण्याआधी तिला किक मारू नका. एकदाही नको. सोसायटीतली चार मुलं जमवून, धक्का देऊन गिअरमध्ये टाकू नका. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिकला "जरा बघ रे, फिरतंय का" असंही सांगू नका. तोही किकच मारणार.

आत काय झालेलं असतं

"बाबांनी लावून ठेवली तेव्हा गाडी एकदम चालू होती," असं जवळपास प्रत्येक जण सांगतो, आणि ते खरंही असतं. बिघाड नंतर, उभ्या-उभ्या होतो.

इंजिन बंद होताना पिस्टन कुठेतरी अध्येमध्ये थांबतो. फोर स्ट्रोक इंजिनात (म्हणजे बुलेटमध्ये) त्या क्षणी एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर सायलेन्सरवाटे किंवा कार्बोरेटरवाटे बाहेरची हवा थेट बोअरपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळीपर्यंत, पोचते. टू स्ट्रोकला (जावा, येझदी, राजदूत, आरएक्स) तर असे व्हॉल्व्हच नाहीत. पिस्टन खाली थांबला असेल तर एक्झॉस्टचं भोक उघडंच राहतं. आपली मुंबईची हवा कशी आहे ते सांगायला नको: चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने समुद्राचा खारा दमटपणा. बोअरच्या भिंतीवरचा तेलाचा थर हळूहळू खाली उतरतो, बीड उघडं पडतं आणि गंजतं. पिस्टनच्या रिंगा त्या गंजात चिकटून बसतात.

अशा इंजिनला किक मारली की दोनपैकी एक गोष्ट होते. किक जागची हलत नाही, हा त्यातला बरा प्रकार. नाहीतर माणूस अंगाचं सगळं वजन टाकून किकवर उभा राहतो, आतून कट्कन आवाज येतो आणि किक खाली जाते. मग आम्हाला आनंदाने फोन येतो, "दादा, सुटलं इंजिन, आता फक्त कार्बोरेटर साफ करून द्या." हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडल्यावर दिसतं ते असं: रिंग तुटलेली, तिचा तुकडा बोअरला घासून उभी चर पडलेली, पिस्टनची रिंग बसायची खाच फुटलेली. टू स्ट्रोकमध्ये तो तुकडा एक्झॉस्टच्या भोकात अडकला तर पिस्टनचा काठच उडतो. शिवाय किकच्या शाफ्टचे आणि रॅचेटचे दात झिजतात, ते वेगळंच.

खर्चाचा खरा फरक इथे पडतो. रिंगा न तोडता इंजिन सोडवलं तर पुष्कळदा बोअरला हलकं होनिंग (आतून घासून साफ करणं) आणि नव्या रिंगा एवढ्यावर भागतं. चर पडली की ब्लॉक (बोअर असलेला भाग) लेथवाल्याकडे जातो, बोअर वाढवावा लागतो आणि मोठ्या साईजचा पिस्टन घालावा लागतो. बुलेटला 20, 40, 60 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) अशा चढत्या साईजचे पिस्टन येतात. तुमच्या वडिलांनी आधी दोनदा बोअर करून घेतलं असेल तर शेवटचीच साईज शिल्लक असते, आणि तीही वापरून झाली असेल तर ब्लॉकला नवी स्लीव्ह (आतली नळी) बसवावी लागते. एका किकमुळे गाडीच्या आयुष्यातलं एक बोअरिंग वाया जातं. बिलापेक्षा आम्हाला याचं वाईट जास्त वाटतं, कारण जुना मूळ ब्लॉक पुन्हा मिळत नाही.

आम्ही काय करतो, आणि त्याला वेळ का लागतो

आधी प्लग काढतो. प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडतो आणि बोअरच्या भिंती, पिस्टनचा माथा पाहतो. ते फोटो तुम्हाला मोबाईलवर पाठवतो, म्हणजे आम्ही सांगतो त्यावर नुसता विश्वास ठेवायची गरज राहत नाही. मग आत पातळ, मुरणारं तेल सोडतो आणि गाडी तशीच ठेवून देतो. तेल रिंगांच्या मागे शिरायला वेळ घेतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे, अगदी थोडं हलवून बघतो. हाताने चाक फिरवताना इंजिनवर येणारा जोर बेताचा असतो आणि कुठे अडतंय ते हाताला कळतं. किकवर पाय दिल्यावर ते कळत नाही. हललं नाही तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. तरीही नाही हललं तर हेड आणि ब्लॉक उतरवतो.

"चार दिवस गाडी नुसती उभीच होती, मग तपासणीचे पैसे कसले?" असं काही जण विचारतात. ते चार दिवस हेच कामाचे असतात. याच कारणाने आम्ही फोनवर किंवा व्हिडिओ बघून भाव सांगत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून खलास असू शकते, आणि चाळीच्या जिन्याखाली धूळ खात पडलेलीचं इंजिन साफ निघू शकतं. आत बघितल्याशिवाय दिलेला आकडा नंतर वाढतोच, आणि मग वाद होतात. तपासणी झाल्यावर आम्ही अंदाज लेखी देतो. काम आमच्याकडेच केलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा होतात. काढलेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत भरून परत देतो.

बुलेटवाल्यांसाठी थोडं वेगळं

जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये तेलाची टाकी इंजिनाच्या केसमध्येच असते. गाडी बराच काळ उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून झिरपत क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या दांड्याच्या) बाजूला उतरतं. डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून बघितली की तेल कमी दिसतं. म्हणून मालक वरून लिटरभर ओततात. इंजिन चालू झालं की ते जादा तेल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकलं जातं, सायलेन्सरमधून धुराचा लोट निघतो आणि "रिंगा गेल्या वाटतं" असं म्हणून इंजिन खोललं जातं. रिंगा अगदी चांगल्या असतात! डिपस्टिक कमी दाखवत असली तरी तेल टाकू नका. आम्ही खालचे बोल्ट उघडून जुनं तेल सगळं काढतो, फिल्टर बदलतो आणि मगच मापाने नवं भरतो.

या इंजिनांमध्ये कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश, म्हणजे सुटी फिरणारी धातूची कडी, असतो आणि तो सर्वस्वी तेलावर जगतो. म्हणून प्लग काढलेल्या अवस्थेत इंजिन हळूहळू फिरवून, हेडकडे जाणाऱ्या तेलाच्या पाइपाचा बोल्ट सैल करून तिथे तेल येताना दिसल्याशिवाय आम्ही प्लग लावत नाही. ग्राहक शेजारी उभे राहून "आता मारा ना एक किक" म्हणतात तेव्हा आम्ही याच तेलाची वाट बघत असतो.

जावा, येझदी आणि आरएक्सवाल्यांसाठी

टू स्ट्रोकमध्ये गंजापेक्षा क्रँकची ऑइल सीलं जास्त छळतात. जावा-येझदी म्हैसूरला 1961 ते 1996 पर्यंत बनल्या. म्हणजे सगळ्यात नव्या गाडीचं रबरही आता जुनंच. सील कडक झालं की एका बाजूने हवा आत खेचली जाते, हवा-पेट्रोलच्या मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि धावताना अचानक पिस्टन बोअरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं तेल जळायला लागतं आणि पांढरा धूर थांबतच नाही. गाडी पहिल्या दिवशी छान चालू झाली, आठवड्यात जाम झाली, अशा तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. म्हणून फार वर्षं उभी असलेली टू स्ट्रोक सीलं न बदलता आम्ही परत देत नाही. क्रँक उघडायचा खर्च जड वाटतो हे आम्हाला माहीत आहे. पण ते काम टाळून दिलेली गाडी पुन्हा आमच्याच दारात उभी राहते.

आरएक्स आणि आरडीला (राजदूत आरडी 350) ऑइल पंप असतो. वर्षानुवर्षांनी त्याच्या नळीत हवा भरलेली असते. टाकीत तेल दिसतं, पण इंजिनला पोचत नाही. पंपातली हवा काढेपर्यंत आम्ही पेट्रोलमध्येही थोडं तेल मिसळून चालवतो.

26 जुलै 2005 च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून आमच्याकडे येतात. तुमची गाडी त्यात होती, हे माहीत असेल तर पहिल्याच फोनवर सांगा. क्रँककेसमध्ये गाळ गेलेला असतो आणि तिथे तेल सोडून वाट बघण्यात अर्थ नसतो, इंजिन पूर्णच खोलावं लागतं.

टाकी आणि पेट्रोल

जुन्या पेट्रोलवर ताजं पेट्रोल ओतू नका. उडून गेलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल येण्याच्या बारीक भोकांत) बसलेला असतो, आणि टाकीतला गंज नव्या पेट्रोलबरोबर सुटून तिथेच येतो. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर त्यात फुगतात. नळ्या आम्ही सरसकट बदलतो.

हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड टाकीत घालू नका, ही हात जोडून विनंती. पत्रा आधीच पातळ झालेला असतो, ॲसिडने आरपार भोकं पडतात. आम्ही लिंबूफुलाच्या पाण्यात टाकी भिजवतो, सोड्याने धुतो आणि लगेच वाळवून तेल फिरवतो. वेळ जास्त जातो, पण टाकीचा मूळ रंग आणि बुलेटवरची हाताने काढलेली सोनेरी रेघ वाचते. रंग फिका पडला असला तरी तो राहू द्या असाच आमचा सल्ला असतो. नवा रंग केव्हाही देता येतो.

टायर भरपूर "गोट्या" (नक्षीचे उंचवटे) असलेले दिसले तरी त्यावर विसंबू नका. बाजूला चार आकडे छापलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तीनच आकडे दिसले तर टायर 2000 सालाच्या आधीचा आहे. ब्रेकचे लायनरही शूपासून सुटलेले असतात. गाडी चालू झाली की लगेच सोसायटीबाहेर एक चक्कर मारायचा मोह होतो, त्याआधी ब्रेक उघडून पाहिलेच पाहिजेत.

कागदपत्रं

गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 लागतो. नोंदणी पहिल्या 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नव्याने करावी लागते, त्याचा फॉर्म 25. पर्यावरण कर वेगळा. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ज्या आरटीओची गाडी असेल तिथे तपासणीला न्यावी लागते आणि चासी नंबरची पेन्सिलने छाप घेतात. म्हणून चासी नंबर किंवा इंजिन नंबर आहे तिथला गंज ग्राइंडरने काढू नका. नंबर पुसट झाला तर जो त्रास होतो त्यापुढे इंजिनचं काम सोपं वाटेल.

50 वर्षांहून जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची सोय आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात. पण ती गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन आणि रॅलीपुरती काढता येते. ऑफिसला न्यायची असेल तर नेहमीचीच नोंदणी ठेवा. आरटीओचं काम आम्ही करत नाही, पण गाडी तपासणीला उभी राहील अशी तयार करून देतो.

गाडी आणखी काही महिने उभीच राहणार असेल

इमारत पुनर्विकासाला गेली, सोसायटीने गाड्या हलवायची नोटीस लावली, पण कामाला आत्ता पैसे नाहीत, अशी वेळ अनेकांवर येते. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर घाला. सायलेन्सरच्या तोंडात कापडाचा बोळा घाला, उंदीर आत घर करतात. चाकांखाली लाकडाची फळी ठेवा. चालू असलेली गाडी पावसाळ्याआधी बंद करून ठेवायची असेल तर आमच्याकडे आणा: तेल बदलून, टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करून, पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आणून ठेवतो. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. या कामाला फार खर्च येत नाही, आणि वर लिहिलेलं बरंचसं त्याने टळतं.

गाडी पाठवताना

टेम्पो आम्ही पाठवतो, उचलायला दोन माणसं येतात. गाडी पुसून, धुऊन ठेवू नका. पाणी नको तिथे शिरतं, आणि तेल कुठून गळतंय हे धुळीवरच्या डागांवरून आम्हाला कळतं. चाक फिरत नसेल तर गाडी गिअरमध्ये असू शकते. बुलेटला न्यूट्रलची छोटी पट्टी टाचेने दाबा, पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून न्यूट्रल लागतो. चाव्या, जुनं आरसी बुक आणि डब्यात जपून ठेवलेले सुटे पार्ट असतील तर तेही सोबत द्या. जावाचे जुने मूळ पार्ट कुर्ल्याला आणि चोर बाजारात शोधत फिरावं लागतं. तुमच्या माळ्यावर एखादा निघाला तर तो आम्ही आधी वापरतो. आणि टेम्पो आत सोडायला वॉचमनला सांगून ठेवा.