नवं सील टाकूनही हायड्रॉलिक सिलेंडर पुन्हा का गळतो?

"फक्त सील किट (ऑईल अडवणाऱ्या रिंगांचा संच) टाकून द्या, संध्याकाळी मशीन कामावर लावायचंय." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पोकलेन-जेसीबी मालकांचं हे ठरलेलं वाक्य. महिनाभरात तोच सिलेंडर परत येतो आणि प्रश्नही ठरलेला: "किट डुप्लिकेट होतं का हो?" किट चांगलंच असतं. खराब असतो तो रॉड, म्हणजे सिलेंडरमधून आत-बाहेर सरकणारा दांडा.

रॉडवर हार्ड क्रोमचा थर असतो, साधारण 20 ते 30 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो एका जागी उडाला की खालच्या लोखंडाला गंज धरतो, खड्डा पडतो, आणि दर बकेटमागे त्या खड्ड्याची धारदार कड सीलवरून फिरते. तिथे कितीही भारी सील टाका, कापलं जाणारच. म्हणून मशीनवरच एक तपासणी करा. बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, रॉड स्वच्छ पुसा. मग नख रॉडवर उभं फिरवा, आडवंही फिरवा. नख अडकलं तर नुसत्या किटवर पैसे घालवू नका. पॉलिश पेपर घासून चकाकी येते, क्रोम परत येत नाही.

रॉड खराब होतो तो बऱ्याचदा वेल्डिंगने. बकेटचे दात लावायला वेल्डर येतो आणि अर्थिंगचा चिमटा सोयीने चॅसीला अडकवतो. मग करंट सांध्यातले पिन, बुश आणि सिलेंडरमधून वाट काढतो आणि रॉडवर बारीक काळे ठिपके उठतात. चिमटा बकेटलाच, वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावायला सांगा. रॉडवर ओलं गोणपाट गुंडाळा, म्हणजे वरून उडणारे छर्रे चिकटणार नाहीत. दहा रुपयांचं गोणपाट हजारोंचा रॉड वाचवतं, पण साइटवर ते दिसत मात्र नाही!

दुसरं कारण पावसाळा. काम थांबतं, मशीन शेताच्या बांधावर महिनोन्‌महिने उभं राहतं आणि बाहेर राहिलेला रॉड गंजतो. पोकलेन उभं करताना स्टिक (बकेटकडचा हात) लांब, बकेट उघडी आणि बूम (मशीनकडचा मोठा हात) खाली ठेवा; बहुतेक रॉड आत जातात. उरलेल्या भागाला ग्रीस चोपडा. खाडीकाठच्या मशीनला हे दर सुट्टीला करा. धरणातला गाळ काढताना रॉडवर चिखल वाळू देऊ नका, रॉडवरची घाण पुसणारं वायपर सील त्यानेच फाटतं. पिन-बुश ढिले झाले असतील तर तेही बदला, नाहीतर रॉडवर तिरका जोर येतो.

या सगळ्यामुळे रॉड आणि बॅरल (सिलेंडरची बाहेरची नळी) तपासल्याशिवाय आम्ही सील बसवत नाही. कुणाला ते बिल वाढवणं वाटतं. हट्टच असेल तर किट टाकून देतो, पण बिलावर "रॉड खराब, गॅरंटी नाही" असं लिहून. क्रोम उडालेला रॉड पुन्हा क्रोम करून मिळतो. फार खोल गेला असेल तर नवीन बनवून देतो.

उचललेला बूम हळूहळू बसत असेल तर लगेच सिलेंडर उतरवू नका. रॉड आत शिरायचा तर तेवढं ऑईल कुठून तरी बाहेर पडावं लागतं, आणि ती वाट अनेकदा कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधून (ऑईलची वाट उघडबंद करणाऱ्या सरकत्या दांडीमधून) असते. आधी व्हॉल्व्ह तपासून घ्या. आमचं एक काम कमी होईल, हरकत नाही.

होजमधून (ऑईलच्या पाइपमधून) बारीक फवारा उडतोय का ते हाताने चाचपू नका. पुठ्ठा धरून बघा. दाबाचं ऑईल कातडीखाली शिरतं. वरून टाचणीएवढी जखम दिसली तरी मलम लावत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा.

सिलेंडर आणताना साइटवर छिन्नीने ग्लँड (रॉड बाहेर येतो त्या टोकाचं आट्यांचं झाकण) ठोकून उघडू नका. आटे खराब झाले की आमचा अर्धा दिवस तिथेच जातो, आणि तो बिलात येतो. रॉड आत सरकवा, दोन्ही पोर्टला (ऑईलच्या तोंडांना) बूच लावा. कापडाचा बोळा कोंबू नका, त्याचे धागे पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. निघण्याआधी फोनवर मशीनचं मॉडेल आणि सिरियल नंबर सांगितलात तर किट काढून ठेवतो.