सोडून देण्याची खान्देशी परंपरा

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात, तिथे जळगाव जिल्ह्यात चांगदेव नावाचं गाव आहे. ज्या योग्याच्या नावाने ते ओळखलं जातं, त्याच्यापाशी परंपरेनुसार चौदाशे वर्षांचं आयुष्य होतं, सिद्धी होत्या, शिष्यांचा गोतावळा होता. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले तर मायन्यावरच अडले. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी कोराच कागद गेला. पुढे याच चांगदेवांनी लहानग्या मुक्ताबाईला गुरू केलं. घरदार सोडणारे पुष्कळ झाले. मोठेपण असं उतरवून ठेवणारे विरळाच.

राग सोडण्याची शिकवणही मुक्ताईचीच. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने दारात उभं राहून त्यांची समजूत काढली. जग रागाने पेटलं तर संताने पाणी व्हावं, हे तिचं सांगणं. तो प्रसंग आळंदीचा मानतात. पण मुक्ताई गुप्त झाली ती इकडे तापीकाठी, १२९७ साली, विजेच्या कडकडाटात, अशी श्रद्धा आहे. पूर्वीचं एदलाबाद आज तिच्याच नावाने मुक्ताईनगर झालं आहे. तिची पालखी इथून पायी पंढरपूरला जाते. वाट महिनाभराहून जास्त, आणि जवळ खांद्याला पेलेल तेवढंच सामान. वाटेत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. कोण किती एकरांचा धनी, हे तिथे कोणी विचारत नाही.

याच मातीत १९३२ साली या विचाराला नवं वळण मिळालं. सविनय कायदेभंगातले सत्याग्रही धुळ्याच्या तुरुंगात होते. घर, शेती, कमाई सगळं मागे टाकून आलेली ही माणसं. विनोबा भावे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी त्यांच्यापुढे गीतेवर बोलले, एकेका अध्यायावर एकेक, अशी अठरा प्रवचनं. अमळनेरच्या शाळेत शिकवलेले साने गुरुजी तिथेच कैदी होते. ते ऐकता ऐकता भराभर लिहून घेत. ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे ती त्यांच्या या मेहनतीमुळे. काम टाकू नका, जीव ओतून करा आणि फळावरचा हक्क तेवढा सोडा, हा विनोबांचा रोख. संसारी माणसाला झेपेल असा त्याग मला इथेच सापडतो. संन्यास घेणं हजारात एखाद्याला जमेल, पण कपाशी वेचता वेचता भावाच्या बांधावरचा हेवा सोडणं कुणालाही करून पाहता येईल.

असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या ढोरासारखं मन त्यांनी ओव्यांतून दाखवलं, तेही शेतात राबतानाच.

त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना पहिलं भूदान मिळालं होतं. धुळ्यात ते फळाचा हक्क सोडा म्हणाले होते. आता जमीनदारांच्या दारात जाऊन, मला तुमचा सहावा मुलगा समजा आणि जमिनीचा सहावा हिस्सा भूमिहीनांसाठी द्या, असं मागू लागले.