भांग म्हणजे ओहोटी नव्हे

"आज अष्टमी, म्हणजे भांग. पाणी आत गेलेलं असेल, प्रवाळ दिसतील, चला!" बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरांत हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच बसले: भांग म्हणजे पाणी ओसरणं नव्हे, तर भरती आणि ओहोटी दोन्ही बेताच्या असण्याचे दिवस.

भरती-ओहोटी बडोदेकरांना शिकवायला नको. खंबातच्या आखाताकाठी कावी-कंबोईला स्तंभेश्वराची पिंडी पाण्याखाली जाताना आपण पाहिलेली असते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पण तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब इथे लावू नका, खंबातच्या आखातात पाणी मुंबईपेक्षा काही तास उशिरा चढतं.

ओहोटी रोजची, भांग पंधरवड्याचा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, बहुधा एक-दोन दिवसांनी, उधाण येतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो. खरी गल्लत इथेच होते. उधाण म्हटलं की लोकांना फक्त चढलेलं पाणी दिसतं. घरातला झोपाळा आठवा. जोरात ढकलला तर पुढे लांब जातो आणि मागेही तितकाच लांब येतो. उधाणात भरती मोठी, तशी ओहोटीही खोल. भांगात झोपाळा हळू हलतो: भरती बेताची, ओहोटीही बेताची. सगळ्यात खालचा किनारा उघडा पडतो तो उधाणाच्या ओहोटीला.

जामनगरकडच्या नरारा बेटावर आम्ही पहिल्यांदा गेलो ते रविवार बघून, तिथी न बघता. नवमी होती. ओहोटीची वेळ अचूक गाठली, तरी गुडघाभर गढूळ पाण्यातून चाललो आणि हाती फक्त चिखल लागला. पुढच्या खेपेला अमावास्येनंतरची द्वितीया धरली. त्याच जागी प्रवाळ उघडे होते, एका डबक्यात समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, तोंड मिटून बसलं होतं आणि शेजारच्या खडकाखालून आठ पायांचा ऑक्टोपस सरकत गेला.

म्हणूनच हा फरक मला जिव्हाळ्याचा वाटतो. सर्वांत खालचे प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडतात ते उधाणातले थोडेच दिवस, थोडेच तास, आणि नेमके तेव्हाच आपण तिथे चालायला जातो. 1982 पासून हा भाग सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, त्यात 42 बेटं येतात. जायचं तर उधाणाच्या ओहोटीलाच जावं, पण पाऊल वाळूवर ठेवावं. तारामासा उचलून हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दुसऱ्या टोकाला, किनाऱ्यावरच्या उंच भागातल्या तिवरांना खारं पाणी मिळतं तेही उधाणाच्या भरतीलाच.

मच्छीमार भांग आणि ओहोटी हे दोन शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरत नाहीत. जाफराबादकडे बोंबलासाठी डोल लावतात. ती जाळी प्रवाहाच्या जोरावर भरते, म्हणून काम उधाणाचं. भांगात ओढ मंदावते, तेव्हा डोल वर काढून वाळत घालतात, फाटलेलं शिवतात, आणि समुद्राला तेवढे दिवस मोकळे मिळतात.